मालक आजारपणाचे पैसे देत नाही? ईएसआय असलेल्या कामगाराने काय करायचे

आजारी पडून घरी बसावे लागले, महिनाअखेरीला पगार कापून आला आणि विचारायला गेलात तर एचआरवाला म्हणाला, ‘काम नाही तर दाम नाही.’ चाकण, वाळूज, तळोजा, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत जा, हे वाक्य ऐकायला मिळते. निम्मे लोक ते ऐकून गप्प बसतात. मला ह्याचे फार वाईट वाटते, कारण त्यातल्या बहुतेकांच्या हक्काचे पैसे सरकारी खात्यात पडून असतात.

तुमच्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर आजारपणाचे पैसे मालकाच्या खिशातून यायचेच नसतात. ते कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून (ईएसआयसी) थेट तुमच्या बँक खात्यात येतात. त्यामुळे मालकाच्या केबिनबाहेर उभे राहण्यात वेळ घालवू नका. मालकाच्या हातात तीनच गोष्टी असतात: तुमची नोंदणी, दर महिन्याचा भरणा आणि तुम्ही खरोखर कामावर नव्हता ह्याची खात्री देणे. तो अडवतो तो ह्या तीन ठिकाणी, आणि आपल्याला सोडवायचे आहे तेही तिथेच.

मी ठेकेदाराकडे असताना कावीळ झाली होती, तेव्हा ह्या सगळ्यातून गेलो. पुढे लाइनवरच्या कितीतरी जणांचे कागद शेजारी बसून लावून दिले. त्या अनुभवातून हे लिहितो आहे.

१. तुम्ही ईएसआयमध्ये बसता का?

महिन्याचे वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल (दिव्यांग कामगारासाठी २५,०००) आणि आस्थापना योजनेखाली येत असेल, तर तुम्ही विमाधारक. कायम, ठेकेदारी, रोजंदारी असा फरक नाही. ‘तू आमचा नाहीस, ठेकेदाराचा आहेस’ हे उत्तर इथे चालत नाही, कारण ठेकेदाराने भरणा केला नाही तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

वर्षाच्या मध्येच पगारवाढ होऊन २१,००० ओलांडले, तरी चालू सहामाही (एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च) संपेपर्यंत तुम्ही योजनेतच राहता. ‘तुझा पगार वाढला, आता ईएसआय बंद’ असे जूनमध्ये कोणी सांगितले तर ते सप्टेंबरअखेरपर्यंत खरे नाही.

२. भरणा झाला का, ते स्वतः बघा

पगार स्लिपवर ईएसआयची कपात दिसते म्हणजे पैसे भरले गेले असे समजू नका. ह्या प्रकरणातला सर्वांत मोठा सापळा हाच आहे.

आधी तुमचा विमा क्रमांक शोधा. तो १० अंकी असतो आणि ई-पहचान कार्डावर छापलेला असतो. कार्ड दिलेच नसेल तर एचआरकडे मागा, तेही टाळत असतील तर आधार कार्ड घेऊन जवळच्या ईएसआय शाखा कार्यालयात जा. क्रमांक मिळाला की ईएसआयसीच्या विमाधारक पोर्टलवर किंवा उमंग ॲपवर लॉगिन करून योगदानाचा तपशील उघडा. महिनावार किती दिवस दाखवले, किती वेतन दाखवले आणि किती रक्कम भरली ते तिथे दिसते. मालकाने दर महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करायचा असतो, त्यामुळे चालू महिना रिकामा दिसला तर लगेच घाबरू नका. मागचे तीन-चार महिने रिकामे असतील तर मात्र गोष्ट गंभीर आहे.

आता रक्कम ताडून पाहा. कामगाराचा हिस्सा वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के, हे दर जुलै २०१९ पासून आहेत. १८,००० रुपये वेतन असेल तर तुमच्याकडून १३५ रुपये जायला हवेत आणि मालकाने स्वतःचे ५८५ घालायला हवेत. काही ठेकेदार सगळे ७२० रुपये कामगाराच्याच पगारातून कापतात. मालकाचा हिस्सा तुमच्या वेतनातून कापता येत नाही. तसे होत असेल तर ती वेगळी तक्रार आहे आणि ती जरूर करा.

दाखवलेल्या दिवसांकडेही नीट लक्ष द्या. तुम्ही महिनाभर राबता आणि पोर्टलवर बारा दिवस दिसतात, असे बऱ्याच ठिकाणी चालते. आज त्यात काही वावगे वाटत नाही, पण आजारी पडल्यावर हेच कमी दाखवलेले दिवस हक्क बुडवतात. प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

३. ७८ दिवसांचा हिशेब

आजारपणाचा लाभ मिळायला संबंधित सहामाहीत किमान ७८ दिवसांचे योगदान भरलेले असावे लागते. कोणती सहामाही, इथेच लोक गोंधळतात.

एप्रिल ते सप्टेंबरमध्ये भरलेल्या योगदानावर पुढच्या जानेवारी ते जूनमधल्या आजारपणाचे पैसे मिळतात. ऑक्टोबर ते मार्चच्या योगदानावर त्यापुढच्या जुलै ते डिसेंबरचे. म्हणजे तुम्ही ऑगस्ट २०२६ मध्ये आजारी पडलात, तर ऑक्टोबर २०२५ ते मार्च २०२६ ह्या काळातले दिवस मोजले जातील. आता चालू असलेल्या महिन्यांचा त्याच्याशी संबंध नाही.

ह्यामुळे पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्यांना सुरुवातीचे साधारण नऊ महिने आजारपणाचे रोख पैसे मिळत नाहीत. औषधोपचार मात्र तुम्हाला आणि कुटुंबाला नोंदणीच्या पहिल्या दिवसापासून आहे. नोकरी बदलली म्हणून नऊ महिने पुन्हा मोजले जात नाहीत, फक्त नव्या ठिकाणी जुनाच विमा क्रमांक द्या. नवा क्रमांक काढू देऊ नका, मागचे सगळे दिवस त्या जुन्या क्रमांकावर अडकून पडतात.

पैसे किती मिळतील? त्या सहामाहीतल्या सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के, आणि वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. समजा सहा महिन्यांचे वेतन १,०८,००० आणि दिवस १८० दाखवले आहेत. रोज ६०० रुपये झाले, त्याचे ७० टक्के ४२० रुपये. दहा दिवसांचे आजारपण असेल तर पहिले दोन दिवस धरले जात नाहीत, म्हणून आठ दिवसांचे ३,३६० रुपये. आधीचे आजारपण संपून १५ दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तर हे दोन दिवस वजा होत नाहीत.

क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग अशा ३४ दीर्घ आजारांसाठी वेगळी तरतूद आहे. सलग दोन वर्षे विमापात्र नोकरी आणि त्या काळात १५६ दिवसांचे योगदान असेल तर ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत पैसे मिळू शकतात. तुम्हाला असा आजार असेल तर ९१ दिवस संपले म्हणून पाठपुरावा सोडू नका, विस्तारित आजार लाभाचे नाव घेऊन विचारा.

४. सर्टिफिकेट विमा दवाखान्याचेच

ताप आला की आपण गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो, तो चिठ्ठी देतो, ती आपण सुपरवायझरला व्हॉट्सॲपवर पाठवतो. कंपनीला कळवायला एवढे ठीक आहे, पण ईएसआयकडून पैसे मिळवायला ती चिठ्ठी पुरत नाही. कार्डावर जो दवाखाना किंवा पॅनेल डॉक्टर नोंदलेला आहे, त्याच्याकडे पहिल्याच दिवशी जा. मुंबई-पुण्यात सर्व्हिस दवाखाने (योजनेचे स्वतःचे) आणि पॅनेल डॉक्टर (योजनेने नेमलेले खासगी डॉक्टर) असे दोन्ही आहेत. राहायची जागा बदलली असेल तर दवाखानाही बदलून घेता येतो.

तिथे काय बोलायचे? नुसते ‘औषध द्या’ म्हणू नका. ‘मी कामावर जाऊ शकत नाही, मला रजेचे सर्टिफिकेट हवे’ असे स्पष्ट सांगा. नुसत्या केसपेपरवर औषध लिहून दिले तर त्यावर पैसे मिळत नाहीत. पहिले सर्टिफिकेट, मग साधारण आठवड्याला मधले, आणि बरे झाल्यावर कामावर जाण्यास योग्य असल्याचे शेवटचे, अशी साखळी असते. मधला एक आठवडा राहिला तर तेवढे दिवस उघडे पडतात आणि नंतर ते भरून काढणे फार जड जाते.

रात्री-अपरात्री खासगी रुग्णालयात भरती व्हावे लागले तर? आधी जीव वाचवा, त्यात दुसरा विचार नको. पण घरच्या कोणालातरी एक-दोन दिवसांत विमा दवाखान्यात पाठवून कळवा, आणि डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे रिपोर्ट, बिले सगळी मूळ प्रतीत जपा. दुसऱ्या डॉक्टरचा पुरावा महामंडळ मान्य करू शकते, मात्र छाननी होते आणि वेळ लागतो.

आजारपणात आणखी दोन गोष्टी सांभाळा.

गावी जायची घाई करू नका. करून घालायला कोणी नाही म्हणून आपली माणसे बीडला, जळगावला, सोलापूरला निघून जातात. हे समजण्यासारखे आहे. पण उपचार सोडून परवानगीशिवाय भाग सोडला तर लाभ थांबवता येतो. डॉक्टरला सांगून, कागदावर नोंद करून मगच जा.

सर्टिफिकेट चालू असताना ‘फक्त दोन तास ये, माल अडकला आहे’ म्हणून बोलावले तरी जाऊ नका. ज्या दिवशी काम केले किंवा पगार घेतला त्या दिवसाचा लाभ मिळत नाही, आणि एका हजेरीवरून सगळ्या दाव्यावर संशय घेतला जातो.

५. दावा लावताना

सर्टिफिकेट मिळाले की दावा फॉर्म ९ मध्ये करतात. पोर्टलवरून ऑनलाइन लावता येतो, नाहीतर शाखा कार्यालयात. जवळ ठेवायचे कागद:

- ई-पहचान कार्ड आणि आधार कार्ड
- सर्व सर्टिफिकेटे, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत
- बँक पासबुकाचे पहिले पान किंवा रद्द केलेला चेक
- ज्या सहामाहीचे दिवस मोजले जातात तिच्या पगार स्लिपा
- पगार जमा झाल्याचे बँक स्टेटमेंट
- केसपेपर, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड

आधार, पासबुक आणि ईएसआय नोंदीतले नाव एकच आहे का ते आजारी पडण्याआधीच बघून ठेवा. ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्तात्रेय’ एवढ्या फरकावर पैसे अडकलेले मी पाहिले आहेत.

जो कागद द्याल त्याची झेरॉक्स काढा, त्यावर शिक्का आणि तारीख घ्या. टेबलावरचा माणूस ‘ठेवून जा’ म्हणाला तरी नम्रपणे पोच मागा. पोच नसेल तर तुम्ही कागद दिलाच नव्हता असे म्हणायला सगळे मोकळे.

६. फॉर्म १० : मालक इथे अडवतो

दावा आल्यावर शाखा कार्यालय मालकाकडून विचारून घेते की हा कामगार ह्या तारखांना खरोखर गैरहजर होता का, त्या दिवसांचे वेतन दिले का. ह्याला फॉर्म १० म्हणतात. मालकाने उत्तर दिले नाही तर दावा लटकतो, आणि कामगाराला वाटते सरकार पैसे देत नाही. सरकारी कार्यालयाला शिव्या देण्याआधी कागद कोणाकडे थांबला आहे हे विचारा.

थांबला असेल तर मालकाला लेखी द्या. तोंडी बोलणे इथे कामाचे नाही. मजकूर एवढाच पुरे:

‘प्रति, व्यवस्थापक. मी आपल्या कारखान्यात … विभागात काम करतो. माझा विमा क्रमांक … आहे. दि. … ते दि. … ह्या काळात मी आजारी असल्याने कामावर नव्हतो व ह्या दिवसांचे वेतन मला मिळालेले नाही. माझ्या आजार लाभाच्या दाव्यासाठी कर्मचारी राज्य विमा महामंडळाने मागितलेली गैरहजेरीची माहिती आपण सात दिवसांत पाठवावी, ही विनंती. प्रत : शाखा व्यवस्थापक, ईएसआयसी.’

शेवटची ओळ गाळू नका. प्रत शाखा कार्यालयाला जाते आहे हे दिसल्यावर बहुतेक ठिकाणी फाइल हलते. पत्र हातात घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. ठेकेदाराकडे असाल तर एक प्रत मूळ कंपनीच्या एचआरलाही द्या.

७. भरणाच केलेला नसेल, किंवा मालक दाद देत नसेल

आधी शाखा कार्यालय. शाखा व्यवस्थापकाला लेखी अर्ज करा, सोबत पगार स्लिपा, बँक स्टेटमेंट आणि पोर्टलचे स्क्रीनशॉट जोडा. पगार रोखीने मिळत असेल आणि स्लिप देत नसतील, तर गेटपास, ओळखपत्र, हजेरीचे फोटो, सुपरवायझरचे शिफ्टचे मेसेज, सोबतच्या कामगारांचे लेखी म्हणणे, जे असेल ते लावा.

मालकाने भरणा केला नाही म्हणून कामगाराचा लाभ बुडत असेल, तर महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. अर्जात हे स्पष्ट मागा. कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा न भरणे हा तुरुंगवासाची शिक्षा असलेला गुन्हा आहे, हेही लिहा. धमकीच्या भाषेत नको, सरळ शब्दांत.

तिथे काम झाले नाही तर त्यावरचे कार्यालय. मुंबईत लोअर परळचे पंचदीप भवन, पुण्यात बिबवेवाडीचे, नागपुरात गणेशपेठेतले. ह्या कार्यालयांत दर महिन्याला सुविधा समागम नावाची तक्रार-बैठक होते, तिथे अधिकारी समोर बसून प्रकरण ऐकतात. माझ्या मते सर्वांत उपयोगी जागा तीच आहे. फोनवर विचारायचे तर महामंडळाचा टोल-फ्री क्रमांक १८००-११-२५२६. केंद्र सरकारच्या पीजी पोर्टलवर तक्रार टाकली तर नोंदणी क्रमांक मिळतो आणि उत्तर द्यावेच लागते. कारवाई काय झाली हे कळत नसेल तर १० रुपये भरून माहितीचा अधिकार वापरा, ३० दिवसांत उत्तर यायला हवे.

एकट्याने तक्रार करायची भीती वाटत असेल तर ती खोटी नाही. लाइनवरच्या दहा जणांची कपात होते आणि कोणाचाच भरणा नाही, असे असेल तर दहा जणांनी मिळून अर्ज करा. एकाला उचलून बाहेर काढणे सोपे, दहांना अवघड.

सगळे करून झाले तर कर्मचारी विमा न्यायालय आहे, तिथे ३ वर्षांच्या आत जावे लागते. तोवर युनियनचा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील गाठा. प्राधिकरणाकडे पात्र व्यक्तींना वकील मोफत मिळतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि ईएसआयचा १९४८ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. म्हणून अर्जात जुन्या कायद्याची कलमे टाकत बसू नका. ‘आजार लाभ’, ‘योगदानाची थकबाकी’, ‘गैरहजेरीची पडताळणी’ असे मागणीचे नाव लिहिले तर अर्ज तेवढाच पक्का राहतो.

८. अपघात कारखान्यात झाला असेल तर

मशीनवर बोट गेले आणि दवाखान्याच्या वाटेवर कोणी म्हणाले, ‘घरी पडलो म्हणून सांग, आम्ही बघतो,’ तर कृपा करून तसे सांगू नका. कामावरच्या इजेला ७८ दिवसांची अट नाही. नोंदणीनंतर पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे, दर ७० ऐवजी ९० टक्के आहे, आणि कायमचे अपंगत्व आले तर पुढे मासिक रक्कम मिळते. एकदा केसपेपरवर ‘घरी पडला’ असे लिहिले गेले की हे सगळे हातातून जाते. डॉक्टरला जागा, वेळ, मशीन सांगा आणि तसेच लिहून घ्या. अपघाताची नोंद कंपनीच्या अपघात नोंदवहीत झाली का ते सहकाऱ्याला पाहायला सांगा.

९. राजीनाम्यावर सही मागितली तर

आजारपणातून परत आल्यावर ‘ह्या कागदावर सही कर, मग आत घेतो’ असे होते. कोरा कागद, राजीनामा, ‘सर्व हिशेब पूर्ण मिळाला’ असा मजकूर, ह्यातल्या कशावरही सही करू नका. शेवटचे सर्टिफिकेट घेऊन ठरलेल्या दिवशी गेटवर हजर व्हा. आत घेतले नाही तर त्याच दिवशी ‘मी कामावर हजर झालो, मला आत घेतले नाही’ असे लेखी ईमेलने किंवा स्पीड पोस्टाने पाठवा. हा एक कागद नसल्यामुळे पुढे ‘तो स्वतःच सोडून गेला’ असे मांडले जाते. मग कामगार आयुक्त कार्यालय. मुंबईत ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात आहे.

१०. ईएसआय लागूच नसेल तर

पगार २१,००० च्या वर असेल तर वरचे बरेचसे तुम्हाला लागू नाही. इथे मालकच देणेकरी असतो आणि तुमच्या हाती नेमणूकपत्र व रजेचे नियम असतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आजारपणाची वेगळी रजा नाही, पण त्या कायद्याखाली येणाऱ्यांना वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा आहे, आणि वर्षात २४० दिवस काम केलेल्यांना दर २० दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा. आजारपणात ह्या रजा वापरता येतात. किरकोळ रजा वर्षअखेर संपते, अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठते.

म्हणून बिनपगारी दाखवण्याआधी शिल्लक रजा वळती करा, असा ईमेल एचआरला पाठवा, सोबत डॉक्टरचे सर्टिफिकेट जोडा. नेमणूकपत्रात आजारपणाची रजा लिहिलेली असेल तर त्या ओळीचा फोटोही. पगार तरीही कापला तर दुकाने निरीक्षकाकडे किंवा कामगार आयुक्त कार्यालयात हाच ईमेल तक्रारीसोबत लावायचा आहे, त्यामुळे तो वैयक्तिक ईमेलवरून पाठवा किंवा त्याची प्रत तिथे घ्या. कंपनीचा ईमेल बंद झाला की आतले सगळे जाते.